नॉर्मल, पण

अड्याळच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. घरची धानाची शेतीही आहे, पण माझं अर्धं आयुष्य गेलं ते दुकानातल्या उंच स्टुलावरच. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी एक काशाचं ताट हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाजव."

मी नुसती बघत राहिले. नव्या नवरीला कोणी ताट वाजवायला सांगतं का? मग त्यांनीच ते ताट तीन बोटांवर तोललं आणि कडेला नखाने टिचकी मारली. असा आवाज निघाला की तो विरायची वाट बघत आम्ही दोघी उभ्याच राहिलो. मग त्यांनी दुसरं ताट दिलं. दिसायला पहिल्याचा जुळा भाऊ. टिचकी मारली तर नुसतं 'बद्द'.

"ह्याले तडा हाये," त्या म्हणाल्या.

मी ते ताट दारातल्या उजेडात नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. केसाएवढी रेघही दिसेना.

"मले तर दिसून नाई राहिला, आई."

"दिसन तवा उशीर झाला असन. हे डोळ्यानं नाई वो, कानानं पायचं."

चांगलं ताट त्यांनी विकायला ठेवलं नाही. ते घरात गेलं, देवघराशेजारच्या फळीवर. घरात कोणी जन्माला आलं तरच ते खाली उतरायचं आणि सासूबाई अंगणात उभ्या राहून ते लाटण्याने वाजवायच्या. माझी लेक झाली तेव्हा एका पाहुणीने "पोरगी हाये, राहू द्या आता" म्हटलं, तर सासूबाईंनी तिला तिथल्या तिथे झापलं होतं, "ताटाले काय समजते पोरगा का पोरगी?" मी आत बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. त्या दिवसापासून सासूबाई मला आवडायला लागल्या. त्याआधी फारशा आवडत नव्हत्या, खोटं कशाला बोलू.

हे ताटाचं आधी सांगितलं, कारण पुढे माझ्या हृदयालाच अशी टिचकी मारून बघायची वेळ आली.

गाठ डाव्या स्तनात निघाली. दिवाळीनंतर गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, पाहुणे येतात, त्या गडबडीत मी ती महिनाभर अंगावर वागवली आणि मग एक दिवस लेकीला फोनवर सांगून टाकलं. लेक चिखल्याला असते. जावई तिथल्या मँगनीजच्या खाणीत कामाला आहे, कॉलनीत त्यांना क्वार्टर आहे. पोरीने फोनवर रडून न घेता आधी बापाला धारेवर धरलं, आणि त्याच आठवड्यात माझी नागपूरची वारी सुरू झाली. ऑपरेशन झालं. मग औषधं. पहिलं औषध लालभडक, सलाईनच्या नळीतून सरबतासारखं उतरायचं. आमच्याकडे बाया त्याला 'लाल दवाई' म्हणतात आणि तिचं नाव काढलं तरी त्यांना मळमळतं. माझंही तेच झालं. केस गेले. जिभेची चव गेली. रागीट स्वभाव मात्र जागच्या जागी राहिला, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं.

लाल दवाई सुरू करायच्या आधीच कॅन्सरच्या डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं. इको म्हणतात तिला. मी विचारलं, दुखणं छातीच्या वर, मग आत कशाला बघता? ते म्हणाले, "हे औषध गाठीच्या पेशी मारतं, पण काही जणींच्या हृदयाच्या स्नायूलाही त्रास देतं. नंतर तुम्हाला वर्षभर जे इंजेक्शन द्यायचंय, तेही हृदयाला थोडं जड जाऊ शकतं. म्हणून आधी बघायचं, मध्ये बघायचं आणि शेवटी बघायचं." शेजारच्या काकूंना मात्र शेवटपर्यंत हेच वाटत राहिलं की माझी गाठ डावीकडे होती म्हणून हृदय तपासतात, उजवीकडे असती तर सुटले असते. मी दोनदा समजावलं आणि मग नाद सोडला.

लाल दवाई संपली, इको झाला, ठीक निघाला. दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन सुरू झालं. आणि या सगळ्या काळात लेकीला दिवस गेल्याचं पक्कं कळून तिचे महिनेही भराभर पुढे सरकले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण मी अशी टक्कल घेऊन बसलेली, एका दिवसाआड उलट्या करणारी. तिच्या सासूबाईंनी मोठ्या मनाने निरोप पाठवला, "विहीणबाई, आम्ही इथंच करून घेतो, तुमी आपला जीव सांभाळा." बोलणं किती गोड! आणि मला काय झालं सांगू, केस गेले तेव्हा मी रडले नव्हते, पण त्या निरोपावर उशीत तोंड खुपसून रडले. माझ्या एकुलत्या एका लेकीला न्हाऊमाखू घालायला मी नाही. मग डोळे पुसले आणि मनाशी ठरवलं, बाळंतपण चिखल्याला होवो की चंद्रावर, पण बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ मीच घालणार. त्यासाठी दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. वर्षाची इंजेक्शनं एकही न चुकता पूर्ण व्हायला हवी होती, म्हणजे गाठ परत येणार नाही. आणि ती पूर्ण होईपर्यंत हृदयाने दगा द्यायला नको होता. एकासाठी दुसरं सोडावं लागू नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

पुढचा इको आला भर लग्नसराईत. लग्नसराई म्हणजे आमच्या दुकानाचा हंगाम. आंदणाची भांडी घ्यायला अख्खी वऱ्हाडं येतात, एक बाई पसंत करते आणि दहा बाया नापसंत करतात. अशा दिवसांत दुकान बंद ठेवून आमचे हे माझ्यासोबत एसटीत बसले, त्याचं मला कौतुकच आहे. पण कौतुक करायची सोय त्यांनी ठेवली नाही. कारध्याचा पूल आला की ते दर वेळी वैनगंगेला हात जोडतात. त्या दिवशी हात जोडले आणि त्याच दमात म्हणाले, "लवकर आटोपलं तर दुपारच्या गाडीनं वापस जाऊ. पहेला गावची पार्टी येऊन राहिली हंडे पाहाले."

"गंगामाईले सांगून राहिले का मले?" मी विचारलं.

"दोघींले," ते म्हणाले.

इकोची खोली नेहमीसारखी गार होती. डाव्या कुशीवर झोपायचं, छातीवर थंड चिकट जेली लावतात आणि एक छोटं यंत्र दाबून फिरवतात. माझ्या त्या बाजूला आता फक्त व्रण आहे. पहिल्या वेळी मी शरमेने भिंतीकडे तोंड केलं होतं. आता मी समोरच्या स्क्रीनकडे बघते. माझंच हृदय, फुकटात बघायला मिळतं, का सोडू? करड्या रंगाची एक मुठीएवढी गोष्ट उघडमीट करत होती. इको करणाऱ्या डॉक्टरबाई प्रत्येक वेळी त्याच होत्या, कमी बोलणाऱ्या, पण हात मऊ. आमचे हे दाराशी कापडी पडद्यापलीकडे स्टुलावर बसले होते. पाय हलत होता, ते मला पडद्याखालून दिसत होतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई म्हणाल्या, "पंपिंग नॉर्मल आहे..."

पडद्याखालचा पाय उठला. चप्पल वाजली. दार उघडलं आणि मिटलं.

"...पण," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तो 'पण' ऐकायला खोलीत मी एकटीच उरले होते.

त्यांनी मला उठून बसवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर फेकतं, तो आकडा चांगलाच आहे, नुसत्या त्यावर गेले असते, तर तुम्हाला मी घरी पाठवलं असतं. पण हृदयाच्या भिंती दर ठोक्याला किती आखडतात, तेही आता मोजता येतं. त्याला स्ट्रेन म्हणतात. तो आकडा उतरलाय. मागच्या वेळी उणे वीसच्या पुढे होता, आज उणे सतरापर्यंतही पोचत नाही.

मी दुकानदाराची बायको. म्हटलं, "उणे वीसवरून उणे सतरा झालं म्हणजे तोटा कमी झाला ना?"

त्या पहिल्यांदाच हसल्या. "इथे उलटं आहे. भिंत आखडते म्हणून उणे. जितकं जास्त उणे तितकं चांगलं."

"बाई, हा हिशोब आमच्या घरी सांगू नका."

"तुम्हाला काही जाणवतंय का? दम लागणं, पाय सुजणं, रात्री उशी उंच घ्यावी लागणं?"

"काहीच नाही. कालच माळ्यावरून जेवणावळीच्या मोठ्या डेगा उतरवल्या."

"म्हणूनच आत्ता सापडलं ते चांगलं. जाणवायला लागल्यावर कळलं, तर स्नायू बराच दमलेला असतो. सगळ्यांचा मग पहिल्यासारखा होतोच असं नाही."

मी त्या करड्या उघडमिटीकडे बघत राहिले. दिसायला कुठे काही नव्हतं. आणि एकदम मला आमच्या दारातला तो उजेड आठवला, हातातलं ताट आठवलं. मी विचारलं, "म्हणजे ताट फुटलं नाही, पण वाजवल्यावर बद्द आवाज येऊन राहिला, असं?"

कसलं ताट, त्यांनी विचारलं. मग मी त्यांना काशाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तडा गेलाय असं म्हणणार नाही मी. पण आवाज बदललाय, हे खरं." मला भीती वाटली. पण काय होतंय हे कळल्यावर भीतीला निदान बसायला जागा मिळते. नाही कळलं तर ती घरभर हिंडते.

बाहेर तोवर काय झालं ते मला नंतर दोन्हीकडच्या जबान्या ऐकून कळलं.

आमच्या यांनी कॉरिडॉरमधून घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. ऐंशीच्या पुढचं वय, एक कान पूर्ण गेलेला, आणि फोन नेमका त्याच कानाला लावायची सवय. इकडे मागे स्ट्रेचरची खडखड. आमचे हे ओरडले, "आई, नारमल! समदं नारमल झालं!"

आता आमच्या गावाकडे बाईमाणूस दवाखान्यात असताना 'नॉर्मल झालं' याचा अर्थ एकच. नॉर्मल नाहीतर सिझर. घरची लेक गरोदर, आठवा लागलेला. सासूबाईंनी लगेच हिशोब जुळवला, पोर लवकर सुटली आणि आम्ही नागपूरहून तसेच चिखल्याला धावलो.

"दोघंबी बरे हायेत का?" त्यांनी विचारलं.

"हो, आमी दोघंबी बरे आहोत!"

"वजन किती भरलं?"

"वजन घटलं थोडं, पन येईन भरून!"

"थांब, मी ताट वाजवतो," असं म्हणून सासूबाईंनी फोन खाली ठेवला. बाया जसं बोलतात तसं 'वाजवते' न म्हणता त्या लहानपणापासून पुरुषासारखं 'वाजवतो' म्हणतात, भावांत वाढल्या म्हणून. आमच्या यांना वाटलं, माझा रिपोर्ट चांगला आला म्हणून आई ताट वाजवतेय. त्यांना भरून आलं म्हणे. मला म्हणाले, "तुयासाठी वाजवून राहिली वो आई." मी नुकतीच त्या खोलीतून बाहेर आले होते.

"पण म्हणाल्या डॉक्टरीणबाई," मी म्हटलं.

"काय पन?"

"तुम्ही उठून गेल्यावर म्हणाल्या. पण."

त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांना बाकावर बसवावं लागलं.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, रक्ताची आणखी एक तपासणी करायला लावली, ती ठीक आली. ते म्हणाले, "इंजेक्शन आत्ता थांबवायची गरज नाही. वेळेवर कळलंय. दोन गोळ्या लहान प्रमाणात सुरू करू, काही आठवड्यांनी पुन्हा इको. आणखी उतरलं, तर मात्र इंजेक्शन काही काळ बंद ठेवावं लागेल." गोळ्या होत्या ब्लडप्रेशरच्या. आमच्या यांचं डोकं तिथे फिरलं. "डॉक्टरसाहेब, हिले बीपी नाई. असलंच तर मले असन, हिच्यापायी. अन् रिपोर्ट नारमल आला मनता, तर मंग गोळी काहून?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, की या गोळ्या हृदयावरचं ओझं हलकं करतात, म्हणून. यांना पटलं नव्हतं. दुपारची गाडी गेली, पहेल्याची पार्टी गेली, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. कारध्याच्या पुलावर यांनी हात जोडले. या वेळी बराच वेळ जोडलेले राहिले.

घराजवळ आलो तर गुळाच्या पाकाचा वास. अंगणात पाच-सहा बाया. चुलीवर कढई. काकू डिंक तळत होत्या. आणि मधोमध सासूबाई बाजेवर, मांडीवर काशाचं ताट, हातात लाटणं, एखादी लढाई जिंकून आल्यासारख्या.

"कवा निंगाले चिखल्यावरून?" त्यांनी विचारलं. "काय झालं ते तर सांगतलंच नाई यानं. पोरगा का पोरगी?"

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. तेवढ्यात माझा फोन वाजला. चिखल्याहून लेक. ती हसतेय की रडतेय तेच कळेना. म्हणाली, "आई, इथं मले दुपारपासून फोन येऊन राहिले. मावशी मनते अभिनंदन, आत्या मनते टाके पडले का. मी पोळ्या करून राहिली वो! मले काय झालं हे मले तरी सांगा!"

मग जे हसू फुटलं त्याला काही सुमार नव्हता. काकूंच्या हातातला झारा पडला. आमचे हे भिंतीला टेकून हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते, आणि त्यातलं हसू कुठे संपतं ते फक्त मला माहीत होतं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कान गेलेल्या माणसाचे डोळे फार तेज असतात.

"मंग नारमल कोण झालं?" त्यांनी विचारलं.

"मी, आई. पण..."

"पन काय?"

बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या. इतक्या लोकांत काय सांगावं, कसं सांगावं, मला सुचेना. स्नायू, भिंती, उणे वीस, त्यातलं काहीच त्यांच्या त्या कानात शिरलं नसतं. मी त्यांच्या मांडीवरचं ताट उचललं, तीन बोटांवर तोललं आणि टिचकी मारली. मग तळवा टेकून आवाज अर्ध्यातच दाबला.

"असं वाजून राहिलं आतमध्ये," मी छातीकडे बोट दाखवलं. "तडा नाई. पन आवाज बदलला मनते."

त्यांना लगेच कळलं. त्यांनी हात लांब करून माझ्या छातीवर ठेवला, जिथे आता काही नाही तिथेच. म्हाताऱ्या माणसाचा हात, भांडी घासून खरखरीत झालेला. ब्लाउजमधूनही जाणवत होता.

"डोळ्यानं दिसाच्या आधी कळलं ना?"

"हो."

"मंग भांडं हातचं नाई गेलं," त्या म्हणाल्या. आणि बायांकडे वळून, "बगता काय? पाक कडक होऊन राहिला. लाडू वळा. पोरगी सुटली नाई तर काय झालं, हिलेच बाळंतीण समजा."

असे बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एकटीने खाल्ले. रोज सकाळी एक, सासूबाईंच्या पहाऱ्यात, आणि त्यावर त्या दोन गोळ्या.

गोळ्यांवरून गावात बोलणं व्हायचंच. काकू म्हणायच्या, "रोग हेल्याले अन् इंजेक्शन पखालीले, असं झालं हे. गाठ एकीकडे, गोळी दुसरीकडे." त्या रेड्याच्या म्हणीवर बाकीच्या हसायच्या. पहिले काही दिवस उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा मलाही वाटलं की काकूंचं खरं असावं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी संध्याकाळी घ्यायला सांगितली, हळू उठायला सांगितलं, आणि ते थांबलं. एकदा आमचे हेच मला म्हणाले, "तुले बरं वाटून राहिलं ना, तर मंग काहून खातं?" मी दुकानात होते. समोर एक गिऱ्हाईक नव्या नवरीसाठी ताट बघत होतं. मी यांच्यासमोरच ते ताट वाजवलं आणि विचारलं, "हे दिसाले बरं हाये ना? मंग काहून वाजवतो आपण?" यांनी ताट माझ्या हातातून घेऊन गिऱ्हाईकापुढे ठेवलं. त्या संध्याकाळपासून गोळीची आठवण तेच करायला लागले. इतकी करायचे की मला त्यांच्या आठवणीचाच त्रास व्हायला लागला.

पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत पुन्हा इको झाला. आकडा उणे अठराच्या पलीकडे गेला होता. "पूर्वीइतका नाही, पण वळलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. इंजेक्शन चालू राहिलं. एकही चुकलं नाही. या वेळी आमचे हे खोलीतून उठले नाहीत. 'पण' ऐकला, त्यानंतरचंही सगळं ऐकलं, वर दोन प्रश्न विचारले, आणि मगच बाहेर आले.

लेक त्यानंतर आठच दिवसांत बाळंत झाली. सिझर झालं. आमच्या यांनी फोन करून सांगितलं तर सासूबाईंनी आधी विचारलं, "कोनाचं? पोरीचं का तुया बायकोचं? नीट सांग, मंगच मी ताटाले हात लावतो." नात झाली होती. ताट वाजलं, या वेळी खऱ्या कारणासाठी.

मी चिखल्याला गेले. कॉलनीतली क्वार्टर लहान, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर खाणीची काळी भुकटी बसलेली असते, ती झटकल्याशिवाय बाळाचं लंगोटं घरात आणायचं नाही, हे विहीणबाईंनी मला शिकवलं. मी त्यांच्याशी भांडायची तयारी करून गेले होते. पण त्यांनी पहिल्याच दिवशी पाणी तापवून ठेवलं, पाट मांडला आणि म्हणाल्या, "बसा. तुमची वाट पाहून राहिलो आमी." मग कसलं भांडण? मी पाय लांब केले, नात पायांवर घेतली, तेल लावलं. ती अशी ओरडली की माझी पक्की खात्री पटली, ही आमच्याच घरची आहे. दम लागला नाही. छातीत काही झालं नाही. नुसतं भरून आलं, आणि ते कुठल्या इकोत दिसत असेल तर दिसो बापडं. फार सुखात होते मी त्या दिवशी.

इंजेक्शनं पुढच्या वर्षी संपली. संपल्यावर शेवटचा इको, तोही पुन्हा लग्नसराईतच. तीच गार खोली, तीच जेली, तीच करडी उघडमीट. आमचे हे या वेळी पडद्याच्या आत होते. स्टूल माझ्या उशाशी, हात गुडघ्यांवर, पाय स्थिर.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं. मोजलं. परत मोजलं. मग म्हणाल्या, "नॉर्मल."

मी थांबले. आमचे हेही थांबले.

"पण?" मी विचारलं.

त्या आमच्याकडे बघायला लागल्या, आणि मग त्यांना आठवलं असावं. यंत्र ठेवून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण नाही," त्या म्हणाल्या. "आवाज पहिल्यासारखा आहे."

कॉरिडॉरमध्ये यांनी खिशातून फोन काढला. मी तो हातातून काढून घेतला. "तुमी नका सांगू. तुमी सांगतलं तर गावात बारसं ठेवतीन."

सासूबाईंनी उचलला. मी म्हटलं, "आई, फोन दुसऱ्या कानाले लावा." खुडबुड झाली. मग मी सांगितलं, "नॉर्मल आहे."

वर्षभरापूर्वी त्यांनी एवढ्यावरच ताट उचललं होतं.

"पन?" त्यांनी विचारलं.

"पन नाई, आई. पन नाई."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, कट झाला. यांनी कान जवळ आणला. त्यांच्या कपाळाला माझं कपाळ लागलं आणि आम्ही दोघं त्या गर्दीत तसेच उभे राहिलो. मग चालण्याचा आवाज, फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज. आणि मग ते वाजायला लागलं. घरात कोणी जन्माला आलं नव्हतं. सुनेसाठी ते कधी वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि सासूबाई थांबत नव्हत्या.

तेच ताट होतं. आवाजावरून ओळखलं मी.